सिंहाची जांभई आणि माझ्या सात काड्या

आधी सिंहाचं सांगते. आजारपणाचं सांगायला बसलं की माणसं दोन वाक्यांत "अरेरे" म्हणतात आणि मग पाऊस कसा काय तुमच्याकडे, ते विचारतात. सिंहाचं म्हटलं की थांबतात. म्हणून आधी तो. माझं तोंड त्याच्या मागोमाग येईलच.

आमची वाडी देवरूखपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी. वर सड्यावर प्राण्यांचा एक आश्रम आहे. लोकांनी सोडून दिलेले लंगडे बैल, गाडीखाली सापडलेली कुत्री, गळ्यात दोरी रुतलेली माकडं, असली सगळी मंडळी तिथे. तिथल्या सहा माणसांचं दुपारचं जेवण आमच्या घरून जातं. मी आणि माझी सून वैशाली, दोघी मिळून करतो. मुलगा लोट्याला केमिकल कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी, सुट्टीला तेवढा घरी. त्याचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

आश्रमाचं सगळं बघतो तो दिलीप. पन्नाशीचा माणूस, पूर्वी ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमाराला तो डबे घ्यायला आला आणि म्हणाला, "मावशी, उद्यापासून एक पाहुणा वाढतोय."

"येऊ दे की. भाकरी चालते ना त्याला?"

"भाकरी नाही चालत. तुम्ही चालाल."

असा तो आला. सुलतान. परराज्यातल्या कुठल्याशा फिरत्या खेळातून सोडवलेला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, मोठी आयाळ, मोठी डरकाळी, अंगणातल्या कोंबड्या भीतीने मरतील. बघते तर काय, खपाटीला गेलेलं पोट, कोपरांवर घट्टे, आयाळ म्हणजे जुन्या गादीतला कापूस. खेळवाल्यांनी नखं काढलेली, सुळे कापलेले. त्यामुळे मांस बारीक करून द्यावं लागायचं. ते बारीक करताना दिलीप म्हणायचा, "जंगलचा राजा, पण खातो बाळासारखं."

त्याच्यासाठी मोठं कुंपण घातलं होतं. आत गवत, दोन आंब्याची झाडं, पाण्याचं टाकं. निजायच्या खोलीपुढे सिमेंटचा एवढासा ओटा. तर हा त्या ओट्यावरून खाली उतरेचना! मातीवर पाऊल म्हणून ठेवलं नाही. ओट्यावरच गोल गोल फिरायचा, पिंजऱ्याएवढाच गोल. आणि दुपारी चार वाजले की तिथे पालथा पडलेला लोखंडी टब होता, त्यावर चढून दोन पाय उचलून बसायचा. ती त्याची खेळाची वेळ. समोर कोण? मी, दिलीप आणि एक लंगडा बैल.

दिलीपने दारावर पाटी लावली होती: टाळी वाजवू नये, शिट्टी वाजवू नये, सिंहाला काहीही करायला सांगू नये. त्यांची रीतच तशी. सकाळी दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. बोलवायचं नाही, खाणं दाखवून ओढायचं नाही. मी म्हटलं, "अरे, एक हाक तरी मार." तो म्हणाला, "मावशी, आजवर त्याला हाकाच मारल्यात सगळ्यांनी."

तेविसाव्या दिवशी उतरला. एक पाऊल मातीत ठेवलं, उचललं, झाडलं, जसं काही चटका बसला. मग दुसरं ठेवलं. मी बाहेरच्या रेलिंगपाशी चिऱ्यावर बसलेली होते. रिकामे डबे आणायला जायची ना चारला, तेव्हा तिथे बसून त्याच्याशी बोलायची. सांगायचं काही नाही, विचारायचं. "काय रे बाबा, जेवलास काय? आज सुकट केलेली, तुला वास आला असेल." मला गप्प बसता येत नाही. विहारात रविवारची वंदना मी सांगायची, हळदीला गाणी मी म्हणायची, भांडण कुणाचंही असलं तरी मध्ये मी. आमचे हे म्हणायचे, तुला बोलू दिलं नाही तर तू फुगून फुटशील.

तंबाखू नाही हो

त्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या गालाला आतून काहीतरी बोचायला लागलं. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. म्हटलं उष्णता. सब्जा प्याले, कोकम प्याले. मग वाटलं, दाढ घासतेय. दोन महिने गेले. भाकरी सोडून पेजेवर आले तेव्हा वैशालीने हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

"छे! कधीच नाही."

"गुटखा? विडी?"

मला रागच आला. वैशालीही म्हणाली, "नाही हो डॉक्टर, आमच्या आई असलं काही करत नाहीत."

त्यांनी तोंडात लावायला मलम दिलं, आठ दिवसांनी यायला सांगितलं. मी तीन आठवड्यांनी गेले. तेव्हा त्यांनी बॅटरी मारून नीट बघितलं, मग दात बघितले, आणि सावकाश विचारलं, "आजी, मशेरी लावता काय?"

"ती लावते की! सकाळ-दुपार-संध्याकाळ."

ते खुर्चीत मागे टेकले. "मशेरी कशाची करता?"

आता बघा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी आणि शेजारची सुमन, दोघी मिळून तव्यावर मशेरी भाजतोय. बाजारातून तंबाखूची पानं आणायची मी, भाजायची मी, चुरायची मी. ठसका लागून पोरं घराबाहेर पळायची. आणि तरी मला जर कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी तंबाखूला हात लावत नाही. तंबाखू पुरुष खातात. थुंकतात. आम्ही दात घासतो. असा तो हिशेब डोक्यात पक्का बसलेला. मी खोटं बोलले नव्हते हो. पण जे खरं म्हणून सांगितलं त्यात माझे तीन आठवडे गेले.

माझ्यासारख्या कुणी हे वाचत असाल, तर एवढं करा. डॉक्टरांनी तंबाखू विचारली की मशेरीही सांगा.

तांदळाचं पिंप

तपासणी कोल्हापूरला झाली. तुकडा काढून पाठवला होता, त्याचं उत्तर आलं त्या दिवशी मुलगा रात्रपाळी करून थेट तिथे आला होता. डॉक्टर त्याच्याशी बोलत होते आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याने खिशातली किल्ली काढली, परत ठेवली, काढली, परत ठेवली. मला कळलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारायच्या आधी मला किल्लीने सांगितलं.

"आये, ऑपरेशन करू. बरी होशील," तो म्हणाला.

"बोलता येईल काय?" मी डॉक्टरांना विचारलं. जगेन काय, हे विचारायचं सुचलंच नाही.

"गालाचा भाग आणि थोडं हाड काढावं लागेल. छातीची कातडी तिथे लावू. बोलणं बदलेल. किती परत येईल, ते पुष्कळसं तुमच्यावर आहे."

आठ दिवसांनी भरती व्हायचं होतं. आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते, पण लपवून लिहायचं तर लिहावं कशाला? त्या आठ दिवसांत मी मशेरी सोडली नाही. उजव्या बाजूने लावली. मशेरीचा माझा उभा डबा होता, पोराच्या लहानपणी दुधात घालायची पावडर आणायचो त्याचा. तो मी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला. सकाळी उठलं की बोट आपोआप जायचं. बोटाला कॅन्सर कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वैशाली तांदूळ काढायला गेली आणि तिच्या हाताला डबा लागला.

ती ओरडली नाही. डबा माझ्यापुढे ठेवला आणि खाली बसली. "आई, मी त्या डॉक्टरांपुढे तुमची शपथ घेतल्यासारखी बोलले."

"इतकी वर्षं लावली. आठ दिवसांनी काय होणार आहे?"

"मग ऑपरेशन तरी कशाला करायचं? राहा इथेच. मी तव्यावर भाजून देते."

आमचं सासू-सुनांचं भांडण वाडीला नवं नाही. पण असं कधी झालं नव्हतं. तिने डबा फडक्यात बांधला, माळ्यावर टाकला आणि रडत रडत माझी पिशवी भरली. पातळाच्या घड्या मात्र नेहमीसारख्याच, कोपऱ्याला कोपरा.

वॉर्डातली सकाळ

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, आणि ते बरंच आहे. जाग आली ती नाकात नळी. बारा दिवस जेवण नळीतून. सहाला सिस्टर यायच्या, "आजी, गुड मॉर्निंग" म्हणत पिचकारीने दूध सोडायच्या. मला ना चव, ना गिळायचं काम. पोट भरतंय हे फक्त गार लागल्यावर कळायचं. आरसा वैशालीने काढून ठेवलेला. मी खिडकीच्या काचेत बघितलं. एक बाजू सुजलेल्या फणसासारखी. मी बघितलं आणि मला एकदम सुलतान आठवला. त्याचंही तोंडच कापलं होतं माणसांनी. माझं तरी बरं व्हावं म्हणून कापलं.

शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याएवढीच, तिचीही मशेरी. दोघींना बोलता येत नव्हतं. आम्ही पाटीवर लिहायचो. ती लिहायची, "आज काय जेवलात?" मी लिहायची, "बिर्याणी. तुम्ही?" ती लिहायची, "पापलेट." मग दोघी आवाज न करता हसायचो, टाके दुखायचे. हे लिहायची सवय मला तिथे लागली. ती बाई सुखरूप घरी गेली, नातवाने खांद्यावर हात ठेवून नेली.

मग लाईट घेतले, म्हणजे किरणांचे शेक, सहा आठवडे. तोंडाला कोरड, मान भाजल्यासारखी. ते संपल्यावर डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा एक गठ्ठा हातात दिला. चांगल्या बाजूच्या दातांमध्ये एकावर एक काड्या सरकवायच्या, जितक्या जातील तितक्या, दिवसातून पाच वेळा. म्हणजे तोंड उघडत जाईल. त्या दिवशी अकरा गेल्या.

"वीसच्या जवळ न्यायच्या. सोडून दिलंत तर जबडा आखडेल. मग पेजच प्यावी लागेल, आणि बोलणं असंच राहील. कळलं?"

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

पडवी

घरी आले आणि पहिल्या दिवशी सुमन भेटायला आली. मी म्हटलं, "ये, बस." तिने वैशालीकडे बघितलं. "काय म्हणते गो ही?"

बस्स. तेवढंच. तिचा काही वाईट हेतू नव्हता. तिच्या दातांना मशेरी लागलेली होती, डोळ्यांत पाणी होतं. पण मी त्या दिवसापासून तोंड मिटलं. कुणी आलं की पदर तोंडाला आणि मान हो-नाहीला. विहारात एकदा गेले, मागे बसले, दुसरीच कोणी वंदना सांगत होती, चाल चुकत होती. घरी आले ती पुन्हा गेले नाही. पडवीच्या पायरीखाली उतरणं बंद.

काड्या दुखायच्या. कानशिलापर्यंत कळ जायची. वैशाली दिवसातून पाच वेळा समोर बसायची. "आ करा. आई, आ करा. अजून एक. बोला ना, म्हणा ना, 'क' म्हणा." मुलगा फोनवरून, "आये, बोल ना. बोल ना गं काहीतरी." जितकं ते सांगायचे तितकी माझी दातखीळ बसायची. एकदा मी काड्या अंगणात फेकल्या. अकराच्या नऊ झाल्या, नऊच्या सात. वैशालीने मोजल्या आणि धुऊन ठेवल्या.

दिलीप डबे न्यायला यायचा. एकदा पडवीच्या खांबाला टेकून म्हणाला, "मावशी, तो अजून चारला टबावर चढतो बरं का. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टब काढून टाका. मी म्हटलं, राहू दे."

मी हाताने विचारलं, का?

"टब काढला तर तो चढणार नाही, बरोबर? पण मग सोडला कुणी? मी की त्याने?"

वैशाली डबे भरता भरता थांबली. मी बघितलं तिला थांबताना.

दुसऱ्या दिवसापासून तिने "आ करा" म्हणणं बंद केलं. काड्या माझ्या उशाशी ठेवायची आणि आपल्या कामाला जायची. जेवताना माझ्या वतीने कुणाला उत्तर देणंही बंद. कुणी मला काही विचारलं की ही भिंतीकडे बघत उभी. मला तिचा असा राग आला म्हणता! आणि चार वाजायला आले की ती अंगणाची बेडी, म्हणजे फाटक, उघडायची, माझ्या चपला पायरीखाली रस्त्याकडे तोंड करून ठेवायची आणि मला हाक न मारता चालू लागायची. पाणंदीने, सड्याकडे. मागे वळूनही बघायची नाही.

आठ दिवस चपला तशाच राहिल्या. ती परत यायची, चपला उचलून आत ठेवायची.

नवव्या दिवशी मी पायरीवर बसले. दहाव्या दिवशी चपला घातल्या आणि बसून राहिले. अकराव्या दिवशी उतरले. ती बरीच पुढे गेली होती. वळली नाही, पण चाल हळू केली. पाठीवरून कळतं हो.

जांभई

सुलतान ओळखू येत नव्हता. अंग भरलेलं, आयाळ दाट झालेली, आंब्याच्या सावलीत असा पसरलेला की कुणी जमीनदार. अंगाला लाल माती लागलेली, जिच्यावर तो पाय ठेवत नव्हता तीच. मी माझ्या चिऱ्यावर बसले. बोलले नाही. भीती वाटत होती. माझा आवाज आता फडक्यातून आल्यासारखा, माणसांना कळत नाही, मग त्याला ओळखू कसा येणार? आणि नाही ओळखला तर? मुलाने फोन ठेवून दिला असता तरी चाललं असतं. पण हा तसाच पडून राहिला असता तर मी पुन्हा सड्यावर चढले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

तीन दिवस नुसती गेले आणि आले. चारला तो उठायचा, टबापाशी जायचा, कधी चढायचा, कधी हुंगून परतायचा.

चौथ्या दिवशी दिलीप आणि वैशाली डबे मोजत होते. त्यांचं लक्ष नाही असं बघून मी हळूच म्हटलं, "काय रे बाबा, जेवलास काय?" म्हटलं म्हणजे काय, नुसता भरडा बाहेर पडला. एक अक्षर धड नाही.

त्याने मान वळवली. टबाजवळ होता, चढायच्या बेतात. उभा राहिला. मग गवतातून, मातीतून, सावकाश चालत कुंपणापर्यंत आला आणि माझ्यासमोर बसला. मला ओळखलं की माझ्या पिशवीतल्या डब्याच्या वासाला, ते त्याचं त्याला ठाऊक. मी भांडणार नाही. बसला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याने जांभई दिली.

सिंहाची जांभई तुम्ही बघितली नसेल. संपतच नाही. कापलेले सुळे, गुलाबी टाळू, पार घशापर्यंतचा बोगदा दिसला. आणि जांभई तर लागते! मला आवरायच्या आत माझं तोंड उघडायला लागलं. मी पदर दाबला, काही उपयोग नाही. उघडत गेलं, उघडत गेलं, कानापाशी कट्‌कन वाजलं आणि मी किंचाळले, "आई गं!"

डबे खाली पडले. वैशाली धावत आली. "काय झालं? काय म्हणालात?"

"आई गं म्हटलं!" मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दुखलं मेलं!"

"दुखलं म्हणाल्या," वैशाली दिलीपला म्हणाली.

"मला पण कळलं," दिलीप म्हणाला. "स्पष्ट शिवी होती ती." आणि त्यालाही जांभई आली. मग वैशालीला. आम्ही तिघं तिथे जबडे वासून हसत होतो. सुलतानाने एकेकाकडे बघितलं, कंटाळला आणि आंब्याखाली जाऊन पडला. टबाकडे गेलाच नाही त्या दिवशी.

घरी येऊन मी आपणहून काड्या घेतल्या. आठ.

आता

पुढच्या तपासणीला तेरा गेल्या. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास! काय केलंत?" मी सांगितलं, "सिंहाबरोबर जांभया दिल्या." त्यांनी वैशालीकडे बघितलं. वैशाली भिंतीकडे बघायला लागली. मग त्यांनी मलाच पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. बोलणं आहे तसं जाड आहे. काही अक्षरं घरंगळतात. फोनवर मुलगा "काय?" म्हणतो, मी दुसऱ्यांदा सांगते. कुळथाची पिठी, मऊ भात, तळलेल्या बांगड्याचा मऊ भाग एवढं जातं. भाकरी अजून दुधात कुस्करून. दर तीन महिन्यांनी कोल्हापूर. जायच्या आदल्या दिवशी भीती येऊन बसते, ती काही जात नाही, मी तिलाही पिशवीत घालून नेते.

विहारात पुन्हा गेले. वंदना सांगितली. मी म्हणते ते नीट कळावं म्हणून सगळ्या बायका एकदम गप्प बसल्या होत्या. माझं पूर्वी इतकं कुणी ऐकलेलं नाही. संपल्यावर मी मशेरीचं सांगितलं. सावकाश सांगितलं, तवा, पानं, सगळं. सुमन मागे बसली होती. चार दिवसांनी ती पडवीत आली आणि गाल बोटाने ओढून म्हणाली, "बघ गो, इथे पांढरं दिसतंय काय?" दिसत होतं. मी आणि वैशाली तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मशेरी लावते, तंबाखूची." वेळेत आलात, म्हणाले ते. आता बंद करायला लागेल. तिची पूर्ण सुटलेली नाही, खोटं कशाला सांगू? सकाळची सुटत नाही म्हणते. मी तिला काही म्हणत नाही. सकाळी तिच्या अंगणात जाऊन बसते, एवढंच.

माझंही बोट अजून सकाळी तोंडाकडे जातं. अर्ध्या वाटेवर मला कळतं.

परवा वैशालीला म्हटलं, माळ्यावरचा तो डबा काढ. तिने माझ्याकडे बघितलं, पण काढला. आतली मशेरी मी माझ्या हाताने शेणखतात ओतली. डबा सोड्याने उकळला, चार दिवस उन्हात ठेवला. वैशालीने नाक घालून तपासला, तेव्हा कुठे पास झाला. आता तो खिडकीत आहे, सगळ्यांना दिसेल असा. माझ्या काड्या त्यात असतात.

सुलतान टबावर क्वचित चढतो. दिलीपने टब हलवलेला नाही. काल मी गेले तेव्हा त्याच्यावर एक खारोटी बसली होती आणि सिंह खाली मातीत उताणा पडला होता, चारी पाय वर.

काल चौदा गेल्या.